पाचवीतल्या पोराला ईमेल काढून द्यायचा तर वय खरं टाका आणि किल्ली आपल्याकडं ठेवा

खानापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यमात, शाळेनं ऑनलाइन सरावासाठी ईमेल आयडी मागितलाय आणि पोरगं म्हणतंय गेमला पण पाहिजे. मिस्टर दुबईला असतात, घरात चालू फोन एकच, तो ताईंचा, शिवाय एक जुना टॅब पडून आहे. झेरॉक्स सेंटरवाला म्हणाला दोन मिनिटात काढून देतो, जन्मसाल २००० टाकायचं आणि झालं. तर तसं करू का, की माझ्याच मेलवर चालवू, आणि पोराचे मेल मी उघडून वाचले तर चालतंय का, आणि मिस्टरांना तिकडून लक्ष ठेवता येईल का.

ताई, झेरॉक्स सेंटरवर अजिबात काढू नका. शाळेला तूर्त तुमचाच मेल द्या, तो कसा द्यायचा ते खाली सांगतो. पोराचा वेगळा काढायचा असेल तर तुमच्या स्वतःच्या फोनवरून, त्याची खरी जन्मतारीख टाकून, गूगलच्या फॅमिली लिंकमधून, म्हणजे पालकाच्या देखरेखीखाली मुलाचं अकाउंट चालवायच्या ॲपमधून काढा. मी बेळगावात कॉम्प्युटर क्लास चालवतो आणि एक-दोन शाळांचं नेटवर्क नि मेलचं काम बघतो, त्यामुळे पोरांच्या ईमेलची भानगड रोजच्या रोज टेबलावर येते, आणि बहुतेक भानगडींचं मूळ अकाउंट काढतानाच्या त्या दोन मिनिटात असतंय.

सेंटरवर नेमकं काय होतं बघा. स्कॉलरशिपच्या फॉर्मचे दिवस असतात, मागं पंधरा माणसं उभी, सर्व्हर हँग, आणि फॉर्म ईमेल मागतो. तुमच्याकडं नाही म्हटल्यावर सेंटरवरचा पोरगा टाइप करता करता म्हणतो, थांबा काढून टाकतो. पासवर्ड त्याचा ठरलेला असतो, बहुतेक पोराचं नाव आणि एकदोनतीन, आणि रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कोड येतो तो नंबर, म्हणून स्वतःचाच टाकतो कारण ओटीपी त्याच्या हातातल्या फोनवर पटकन येतो. वाईट हेतू नसतो ओ त्याचा, त्याला लाईन पुढं सरकवायची असते. पण त्या घडीपासून त्या मेलचा खरा मालक तो. पुढं चार-पाच वर्षांनी एसएसएलसी म्हणजे दहावी होते, पीयूसीच्या म्हणजे अकरावीच्या ॲडमिशनला तोच मेल लागतो, पासवर्ड कुणाला आठवत नाही, आणि ‘फरगॉट पासवर्ड’ दाबलं की स्क्रीनवर टिंबं टिंबं येऊन शेवटचे दोन आकडे दिसतात, कोड या नंबरवर पाठवू का म्हणून. माझ्याकडं असं एक घरच्या घर आलं होतं, आई, बाप, मोठी बहीण, तिघंही आपापले नंबर आठवून बघतायत, चुलत्याचा बघितला, आज्जीचा बघितला, ते दोन आकडे कुणाचेच नव्हते. सेंटरवाल्यानं मधल्या काळात सिम बदललं होतं आणि तो बंद पडलेला नंबर कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिलेला. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी परत विकला जातो हे लोकांना माहीत नसतं. म्हणजे त्या पोराच्या मेलची किल्ली कुणातर अनोळखी माणसाच्या खिशात. ते अकाउंट काय परत मिळालं नाही, सगळीकडं नवा मेल घालून परत फॉर्म भरत बसावं लागलं त्यांना.

आता ते जन्मसाल २०००. हे सगळे करतात, कारण भारतात १३ वर्षांखालच्या मुलाला गूगल स्वतःचं अकाउंट स्वतः चालवू देत नाही, पालकाची परवानगी मागतं, आणि ती पायरी चुकवायला खोटं वय हा सोपा रस्ता. पण वय खोटं टाकलं की गूगलच्या हिशेबी ते दहा वर्षाचं पोर नव्हे, पंचविशीचा बाप्या. मग जाहिराती त्या वयाच्या, यूट्यूब त्या वयाचं, सर्चमधलं सेफसर्च, म्हणजे अश्लील गोष्टी गाळणारी चाळणी, पोराला स्वतःलाच बंद करता येतंय, आणि जिथं जिथं ‘साइन इन विथ गूगल’ दाबेल तिथं पण त्याला मोठं माणूस समजूनच आत घेणार. म्हणजे लहान पोरांसाठी म्हणून जेवढी कुंपणं घातलेली आहेत ती सगळी एका खोट्या आकड्यानं पाडून टाकली. आणि हे नंतर दुरुस्त करायला गेलं की अजून एक गंमत, खरी तारीख टाकल्याबरोबर गूगल म्हणतं तुझं वय कमी आहे, १४ दिवसात पालकाशी अकाउंट जोड, नाहीतर बंद. तरी दुरुस्त करावंच, पण तयारीनं, तुमचा फोन हातात घेऊन, शांतपणे.

बरं, आता तुमच्या घरात फोन एकच आहे हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर कोण बोलत नाही. अँड्रॉइडवर १३ खालच्या मुलाचं सुपरव्हिजनचं म्हणजे पालकाच्या देखरेखीखालचं अकाउंट आणि आईचं अकाउंट एकाच फोनवर शेजारी शेजारी सहसा नांदत नाहीत, मुलाचं टाकायला गेलं की दुसरी अकाउंटं काढा म्हणून सांगतं, आणि घाईत ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत गेलं तर तुमचंच अकाउंट फोनवरून निघून जायचं. म्हणून तुमच्या फोनवर पोराचं अकाउंट टाकायच्या फंदात पडू नका. टॅब चालू होत असेल तर त्याच्यावर टाका, नसेल तर सध्या वेगळा मेलच नको. पाचवीतल्या पोराला स्वतःच्या मेलची खरी गरज काय आहे सांगा. शाळेचा लॉगिन, सरावाचं ॲप, एखादी परीक्षा, तेवढंच की.

त्याला तुमचाच मेल पुरतो, आणि जीमेलमध्ये यासाठी एक छान सोय आहे. तुमच्या पत्त्यात ॲटच्या आधी प्लस चिन्ह घालून पुढं काहीही लिहिलं तरी मेल तुमच्याकडंच येतो. म्हणजे तुमचं नाव, प्लस, शाळा, मग ॲट जीमेल डॉट कॉम. गेमला द्यायचा असेल तर तुमचं नाव, प्लस, गेम. नवीन काही काढावं लागत नाही, आणि उद्या ‘प्लस गेम’वाल्या पत्त्यावर लोन ॲपची जाहिरात आली की लगेच कळतं की पत्ता कुणी विकला. सरकारी पोर्टलं कधीकधी प्लस चिन्ह घेत नाहीत, चुकीचा ईमेल म्हणून लाल अक्षरं दाखवतात, तिथं टिंब वापरा. जीमेल पत्त्यातली टिंबं मोजतच नाही, नावाच्या मधे कुठंही एक टिंब टाकलं तरी मेल तुम्हालाच येणार. मात्र कुठल्या ठिकाणी कुठला पत्ता दिलाय ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर लॉगिन करताना डोकं फुटतंय.

टॅब आहे आणि पोराला वेगळंच पाहिजे असं ठरलं, तर मग फॅमिली लिंक. हे गूगलचंच फुकट ॲप आहे, २०१७ पासून आहे. तुमच्या फोनवर घ्या, तुमच्या अकाउंटनं उघडा, मूल जोडा म्हणा, आधी अकाउंट आहे का विचारेल, नाही म्हणा, मग नाव, खरी जन्मतारीख, पत्ता, पासवर्ड, आणि शेवटी तुमचा पासवर्ड टाकून संमती. त्यानंतर टॅबवर पोराचं अकाउंट टाकायचं, तिथं पण एकदा तुमचा पासवर्ड मागतं. पोराला त्यावेळी बाहेर खेळायला पाठवू नका, शेजारी बसवा, काय करतोय ते त्याला दिसू दे. आयफोनवाल्या घरात हेच काम ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमधून होतं, आणि माइनक्राफ्टसाठी मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं तिथं मायक्रोसॉफ्ट फॅमिली आहे. पद्धत तीच, पालकाच्या अकाउंटखाली मुलाचं, म्हणून त्यात शिरत नाही.

पत्ता कसा ठेवायचा यावर मात्र जरा थांबा. लोक पोराचं नाव, आडनाव आणि जन्मसाल असा पत्ता करतात. आता आपल्याकडची आडनावं बघा, येळ्ळूरकर, कडोलकर, मुतगेकर, बेळगुंदकर. आडनावातच गाव. त्याला २०१५ जोडलं की कुठल्या गावचं, किती वर्षांचं, आणि नावावरून मुलगा की मुलगी, सगळं अनोळखी माणसाला पत्ता वाचूनच कळतंय. पुण्यामुंबईत एका आडनावाची हजार घरं असतील, इथं गावात जाऊन अमक्याचं घर कुठलं विचारलं तर दारापर्यंत आणून सोडतात की ओ लोक. त्यामुळे पत्त्यात साल नको, गाव नको, शाळा तर नकोच. आडनावाचं पहिलं अक्षर आणि कायतर साधा शब्द घ्या, पण उद्या फॉर्मवर लिहायला लाज वाटेल असला गेममधला शब्द पण नको. प्रोफाइलला फोटो लावू नका, एखादं चित्र लावा.

पासवर्डसाठी पोराला चार शब्द निवडायला सांगा, एकमेकांशी काही संबंध नसलेले, मराठीच, फक्त इंग्लिश अक्षरात टाइप करायचे. चप्पल, रणगाडा, कोथिंबीर, मंगळवार असलं काहीतर, हेच नव्हे अर्थात. पोरांना यात मजा येते, लक्षात राहतो आणि लांब असल्यामुळे फोडायला अवघड. दर महिन्याला बदलायची गरज नाही, उलट सारखा बदलायला लावला की पोरं पुढं एक, दोन, तीन लावत जातात. कागदावर लिहून कपाटात ठेवला तरी माझी काही हरकत नाही, घरात चोर शिरून पाचवीतल्या पोराचा पासवर्ड कोण नेणार? फक्त एकच, गेमचा पासवर्ड आणि मेलचा पासवर्ड वेगळा. गेमच्या साइटी फुटतात, आणि तोच पासवर्ड मेलला असला की मेल पण गेला.

आणि खरी मजबुती लागते ती तुमच्या अकाउंटला. पोराचा पासवर्ड विसरला तर फॅमिली लिंकमधून तुम्हाला तो बदलता येतो, म्हणजे तुमचं अकाउंट ज्याच्या हाती लागलं त्याच्या हाती पोराचं पण. त्यामुळे टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं कुलूप, तुमच्या अकाउंटला आधी चालू करा, रिकव्हरी नंबर तुमचाच आहे का बघा, भावाचा किंवा दुकानदाराचा असेल तर आजच बदला, आणि गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ आठ आकड्यांचे, ते कागदावर उतरून रेशन कार्डाबरोबर ठेवा. फोन पाण्यात पडला की या कागदाची किंमत कळते. मुलगी आठवी-नववीत असेल आणि अकाउंट तिचं ती चालवत असेल तर टू स्टेप तिच्याही अकाउंटला लावा.

आता मेल आत आल्यावरचं. १३ खालच्या अशा अकाउंटला जीमेलमध्ये जाहिराती दाखवत नाहीत. दुसरं म्हणजे, गूगलला जो मेल स्पॅम वाटतो तो पोराच्या इनबॉक्समध्ये येत नाहीच, स्पॅमच्या फोल्डरमध्येही येत नाही, सरळ गायब. ऐकायला चांगलं आहे, पण शाळेनं सगळ्यांना एकदम पाठवलेला मेल चुकून स्पॅम समजला गेला तर तो तुम्हाला शोधूनही सापडणार नाही. म्हणूनच म्हटलं, शाळेला पत्ता तुमचा. तिसरं, बरेच बाप मला येऊन सांगतात की पोराचे सगळे मेल आपोआप माझ्याकडं फॉरवर्ड करून द्या, ते या अकाउंटात होत नाही, आपोआप फॉरवर्डची सोय बंद असते. आणि फॅमिली लिंक घेतलं म्हणजे पोराचे मेल तुमच्या फोनवर दिसायला लागतील असं पण नाही, त्यात मेल वाचायची सोयच नाही. त्यात दिसतं ते वेळ, ॲप, लोकेशन, परवानग्या असलं.

त्या परवानग्यांमध्ये दोन जागा शोधा. एक साइन इनची, म्हणजे दुसऱ्या फोनवर किंवा मित्राच्या लॅपटॉपवर पोराचं अकाउंट टाकायचं तर तुमची परवानगी लागली पाहिजे. दुसरी बाहेरच्या ॲपची, म्हणजे कुठल्या तरी गेमला ‘साइन इन विथ गूगल’ दाबताना तुम्हाला विचारलं पाहिजे. या दोन्ही परवानग्या तुमच्याच हातात ठेवा, पोरगं कितीही रडलं तरी.

मग पोराच्या जीमेलच्या आत या. लोक समजतात ईमेल म्हणजे नुसती पत्रं, पण जीमेलला चॅट चिकटलंय, व्हिडिओ कॉलचं मीट चिकटलंय, कॅलेंडर आहे, फाइली ठेवायचं ड्राइव्ह आहे, आणि अनोळखी माणूस या सगळ्या दारातून येऊ शकतो. चॅट आणि मीट सेटिंगमधून बंद करा. कॅलेंडरमध्ये आमंत्रणं आपोआप घालू नको, ओळखीच्या माणसाकडून आली तरच घाल, असं सेटिंग आहे ते लावा, कारण हल्ली फसवणुकीची लिंक कॅलेंडरमधून पण येते, पोराला वाटतं कसलीतर मीटिंग आहे. ड्राइव्हमध्ये कुणी अनोळखी फाइल शेअर केली तर त्या माणसाला ब्लॉक करता येतं, हे पोरालाच शिकवा. आणि मेलमधली चित्रं आपोआप दाखवू नको, आधी विचार, हे पण लावा. चित्र उघडलं की पाठवणाऱ्याला कळू शकतं की हा पत्ता जिवंत आहे आणि मेल वाचला जातो.

अजून एक काम कॉम्प्युटरवर बसूनच करावं लागतं, मोबाइलच्या ॲपमध्ये ते होत नाही, ते म्हणजे फिल्टर. जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टरचा फॉर्म आहे, त्यात पाठवणाऱ्याच्या रकान्यात तुमचा, आत्याचा, सरांचा असे ओळखीचे पत्ते लिहायचे, प्रत्येकाच्या आधी उण्याचं चिन्ह लावून. म्हणजे हे सोडून बाकी सगळे. मग पुढच्या पानावर इनबॉक्स वगळा वर टिक आणि लेबल लावा, ‘आईला दाखव’. एवढं केलं की इनबॉक्समध्ये फक्त ओळखीची माणसं राहतात आणि बाकीचं सगळं एका खणात जाऊन पडतं. डिलीट लावू नका, एखादा ओटीपी किंवा परीक्षेचा मेल त्यात असतो. रविवारी सकाळी तो खण दोघांनी मिळून उघडायचा. खण पहिल्यांदा उघडाल तेव्हा बघा काय काय असतंय.

बहुतेक वेळा असतं ते असं. हजार रोबक्स, म्हणजे रोब्लॉक्स गेममधले पैसे, फुकट, फक्त इथं लॉगिन करा. गेममधले डायमंड फुकट, फक्त ओटीपी सांगा. विद्यार्थ्यांना सरकारकडून मोफत लॅपटॉप, आज शेवटचा दिवस. हा मोफत लॅपटॉपवाला दरवर्षी नव्या कपड्यात येतो, केंद्र सरकारच्या पीआयबी म्हणजे पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकनं खोटा म्हणून कितीदा तरी सांगितलंय तरी आमच्या क्लासमधली पोरं लिंक घेऊन येतातच. पोराला एक गोष्ट हातानं करून दाखवा. मेल उघडला की वर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, त्या नावावर बोट ठेवलं की खाली खरा पत्ता उलगडतो. नाव असतं ‘स्कॉलरशिप डिपार्टमेंट कर्नाटका’ आणि पत्ता कुठला तर आकडे-अक्षरं मिसळलेला साधा जीमेल. हे एकदा पोराच्या डोळ्यांनी बघितलं की परत सांगावं लागत नाही. सरकारी असेल तर शेवट गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असणार, राज्याचं असेल तर कर्नाटका डॉट गव्ह डॉट इन, आणि त्यानंतर पुढं आणखी शेपूट लावलेलं नसणार.

आपल्या भागातली एक खास अडचण पण आहे. कन्नडमधून मेल आला की आपली मराठी माणसं, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही ती, समजून चालतात की हे सरकारीच असणार, कारण शाळेची नोटीस, पंचायतीचं पत्र, बिल, सगळं त्याच लिपीत येतं. फसवणाऱ्यांनाही कन्नड येतंच ना. अशावेळी घरात कन्नड वाचणारं एकच माणूस असतं आणि ते म्हणजे शाळेत कन्नड शिकणारं पोर, मग आई पोरालाच विचारते काय लिहिलंय रे, आणि पोर मजकूर वाचून दाखवतं पण तो खरा की खोटा हे दोघांनाही कळत नाही. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये भाषांतराची सोय आहे, ती वापरा, पण त्याआधी पत्त्यावर बोट. मजकूर कुठल्या का भाषेत असेना, आधी पत्ता बघायचा.

तुम्ही विचारलंय, मेल वाचले तर चालतंय का. दहा वर्षाच्या पोराचे बरोबर बसून वाचा, पाठीमागनं वाचू नका. म्हणजे त्याला माहीत पाहिजे की आई रविवारी बघते. लपून वाचलं आणि त्याला कळलं, आणि कळतंच, की पोरगं दुसरं अकाउंट काढतं, मित्राच्या फोनवर, खोट्या वयाचं, आणि त्याचा तुम्हाला पत्ता लागत नाही. मी बघितलेल्या पोरांमध्ये ज्यांची लपवलेली अकाउंटं निघाली त्यांच्या घरात बहुतेक वेळा वाचणं फार होतं आणि बोलणं कमी. आठवी-नववीनंतर रोजचे मेल वाचायचे सोडा, पण नवीन कुठं अकाउंट काढलं तर सांगायचं एवढं ठरवा. १३ पूर्ण झाले की अकाउंट आता पोरानं स्वतः बघायचं काय हा प्रश्न येतोच, त्या आधीच घरात यावर बोलून ठेवलेलं बरं.

खरोखर काही वाईट आलं, कुणी फोटो मागितला, धमकी दिली, पैसे मागितले, तर पहिलं म्हणजे पोराला रागावू नका, आणि ‘रागावणार नाही’ हे आजच सांगून ठेवा, त्यावेळी सांगून उपयोग नाही. दुसरं, मेल डिलीट करू नका. घाबरून सगळ्यात आधी लोक तेच करतात. स्क्रीनशॉट घ्या पण मूळ मेल पण ठेवा, कारण तो कुठल्या सर्व्हरवरून आला ती सगळी माहिती मूळ मेलच्या आत असते, कॉम्प्युटरवर ‘शो ओरिजिनल’ केलं की दिसते, स्क्रीनशॉटमध्ये ती येत नाही. उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका, एकदा पाठवले की मागणी थांबत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर, मुलांबाबतच्या तक्रारीला तिथं वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही करता येते. मुलांची हेल्पलाइन १०९८. बेळगावात सायबरसाठी सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं, पोलीस ठाणं आहे, तिथं जाताना तो फोन किंवा टॅब बरोबर न्या. मुलाचा नको तसला फोटो कुणाच्या हाती लागला असेल तर ‘टेक इट डाउन’ म्हणून फुकट सेवा आहे, १८ खालच्यांसाठी, त्यात फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक ठसा तयार होतो आणि तेवढाच कंपन्यांकडं जातो.

शाळेनंच मेल आयडी दिला तर तो घ्या, फक्त शाळेच्या कामाला वापरा. तो शाळेच्या मालकीचा असतो, शाळा सोडली की बंद, आणि शाळेच्या ॲडमिनला त्यावर हक्क असतो, त्यामुळे गेम, स्कॉलरशिप, बँक काही त्याला जोडू नका. मुख्याध्यापक कोण वाचत असतील तर त्यांना एक सांगतो, गूगलची शाळांसाठीची साधी आवृत्ती मान्यताप्राप्त शाळांना फुकट मिळते आणि तिच्या ॲडमिनमध्ये बाहेरचे मेल पूर्ण बंद करायची सोय आहे, फक्त शाळेच्या आतल्या आत मेल फिरतात. पाचवी-सहावीला एवढं पुरे, आणि मग पालकांकडं ईमेल मागायची वेळच येत नाही.

१३ की १८ असा घोळ पण लोकांच्या डोक्यात आहे. १३ हा कंपनीचा नियम. आपल्या देशाचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्यात १८ खालचं सगळं मूलच, त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती पाहिजे आणि पोरांवर नजर ठेवून जाहिराती मारायला बंदी, मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, तेव्हा पुढं पुढं परवानगीचे मेसेज तुम्हाला जास्त येतील, न वाचता ‘ओके’ दाबू नका.

घरात मोठ्या पोराचं जुनं अकाउंट सेंटरवाल्याच्या नंबरावर असेल आणि आज ते उघडत असेल, तर पासवर्ड आठवतोय तोवरच आत जाऊन रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी मेल बदला, मग पासवर्ड बदला, मग ‘माझी डिव्हाइस’ उघडून अनोळखी कॉम्प्युटर असतील ते साइन आउट करा. याच क्रमानं. आणि वापरत नसाल तर तसंच सोडून देऊ नका, दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल अकाउंट पुसून टाकू शकतं, त्यात ठेवलेले सर्टिफिकेटचे फोटो पण जातात.

राहिले मिस्टर. फॅमिली लिंकमध्ये पालक आणि मूल एकाच देशातले लागतात, आणि मिस्टरांचं गूगल अकाउंट दुबईला गेल्यावर तिकडच्या देशाचं झालं असेल तर त्यांना फॅमिली ग्रुपमध्ये, म्हणजे घरातली अकाउंटं जोडलेल्या गटात, घेताना अडतं. म्हणून फॅमिली मॅनेजर, म्हणजे त्या ग्रुपचा मुख्य, तुम्हीच व्हा, ग्रुप तुमच्या अकाउंटवर बनवा. ते कायमचे परत आले आणि त्यांच्या अकाउंटचा देश भारत झाला की ग्रुपमध्ये घेऊन त्यांना पालकाचा हक्क तुम्ही देऊ शकता, एका ग्रुपमध्ये तुम्ही धरून सहा जण बसतात. आणि ते तिकडून म्हणाले मला पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठव, मी सेटिंग करतो, तर पाठवू नका, व्हिडिओ कॉल लावा आणि ते सांगतील तसं तुमच्या हातानं करा.